ऑल-टेरेन इलेक्ट्रिक स्केटबोर्ड: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

विक्रीच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ३,००० वॉट, ताशी ५० किलोमीटर, एका चार्जमध्ये ४० किलोमीटर, ३० टक्के चढ. दुसऱ्या कंपनीच्या पानावरही जवळपास हेच आकडे, किंमत मात्र दीडपट. पहिल्यांदाच घेणारा माणूस इथे गोंधळतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. हे ठळक आकडे बोर्ड निवडायच्या कामाचेच नाहीत. उपयोगाचे आकडे खाली बारीक अक्षरांत असतात: बॅटरीचे वॉट-अवर आणि चाकाचा व्यास. हे दोन नीट कळले की बाकी यंत्र उलगडायला सोपं जातं.

ऑल-टेरेन म्हणजे डांबराबाहेरही चालणारा: मुरूम, मातीची पायवाट, गवत, फुटके पेव्हर ब्लॉक. रचना साध्या स्केटबोर्डाचीच असते. वर उभं राहायची फळी, तिला डेक म्हणतात. खाली पुढे-मागे दोन धातूचे आस, ते ट्रक. मागच्या ट्रकवर दोन मोटर, डेकच्या पोटाशी बॅटरी आणि मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर. हातात रिमोट. वळायचं ते शरीर झुकवून, थांबायचं ते रिमोटचं चाक मागे ओढून.

गोटीएवढा खडा आणि चाकाचा व्यास

रस्त्यावरच्या साध्या इलेक्ट्रिक बोर्डाची चाकं पॉलियुरेथेनची, बहुधा ९० मिलिमीटर व्यासाची असतात. ऑल-टेरेन बोर्डाला हवा भरायची रबरी चाकं असतात, १५० ते २०० मिलिमीटरची. विक्रेते त्यांना ६, ७ आणि ८ इंची म्हणतात.

वाटेत १५ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे गोटीएवढा खडा आला असं समजा. त्यावर चढायला चाकाला पुढून किती रेटा लागतो, ते साध्या भूमितीने काढता येतं. ९० मिलिमीटरच्या कडक चाकाला त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या सुमारे १.१ पट रेटा लागतो. चाकावर २५ किलो भार असेल तर २७-२८ किलोचा धक्का समोरून बसतो. बोर्ड जागीच अडकतो आणि माणूस पुढे फेकला जातो. १७५ मिलिमीटरच्या चाकाला तोच रेटा भाराच्या ०.६८ पट लागतो, २०० मिलिमीटरच्या चाकाला ०.६२ पट. शिवाय हवेचं टायर खड्याभोवती दबतं, त्यामुळे प्रत्यक्षातला धक्का याहूनही कमी.

९० वरून १७५ वर गेलं की जमीन-अस्मानाचा फरक पडतो, १७५ वरून २०० वर गेलं की थोडासाच. त्या थोड्यासाठी वजन वाढतं, उभं राहण्याची उंची वाढते आणि मोटरवरचा ताणही वाढतो. कमी बजेटमध्ये ६ किंवा ७ इंची चाक हाच शहाणपणाचा सौदा आहे. ८ इंची चाकं उंच गवत आणि सैल वाळू यांसाठी राखून ठेवावीत.

हवेच्या चाकांचा एक खर्च कोणी सांगत नाही: पंक्चर. दख्खनच्या पठारावर बाभळीचे काटे असतात आणि या चाकांतल्या ट्यूब अगदी पातळ. चार जादा ट्यूब बोर्डाबरोबरच मागवाव्यात, हे बाजारात सायकलच्या दुकानात सहज मिळणारं माप नाही. ट्यूब बदलताना आधी हवा पूर्ण सोडायची, मगच रिमचे बोल्ट ढिले करायचे. बऱ्याच रिम दोन भाग बोल्टने जोडून केलेल्या असतात, आत हवा असताना खोलल्या तर भाग उडून हाताला लागू शकतो. हवा किती, तर टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत, सुरुवात ३० पीएसआयच्या आसपास करून. फार कमी ठेवली तर खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते. फार जास्त ठेवली तर बोर्ड चेंडूसारखा उडतो. वजनदार माणसाने थोडी वाढवावी.

बॅटरी: वरच्या मजल्यावरचा नळ

बॅटरी म्हणजे पेन्सिल सेलपेक्षा थोड्या जाड लिथियम सेलचा गठ्ठा. तिच्या वर्णनात «१२एस४पी» असं काहीतरी लिहिलेलं असतं. बारा सेल एकापुढे एक जोडलेले, आणि अशा चार रांगा शेजारी-शेजारी. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून १२ सेलचे ४३.२ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ व्होल्टवर जातो, म्हणून बारांचे ५०.४. «१०एस» असेल तर सरासरी ३६ आणि पूर्ण भरल्यावर ४२.

व्होल्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची. अँपिअर म्हणजे नळातून येणारी धार. वॉट-अवर म्हणजे टाकीत एकूण काम करण्याची ताकद किती साठली आहे. हा आकडा दिला नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (किती अँपिअरची धार किती तास टिकेल) करा: ४३.२ व्होल्ट आणि १४ अँपिअर-अवर असतील तर ४३.२ गुणिले १४ म्हणजे सुमारे ६०५ वॉट-अवर. जो विक्रेता नुसतं «लाँग रेंज बॅटरी» लिहितो आणि हे दोन आकडे देत नाही, त्याचं पान तिथेच बंद करावं.

आता त्या «४पी» मधल्या चारचं महत्त्व. सकाळी इमारतीत सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. बॅटरीतही तसंच होतं. एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं, याला सॅग म्हणतात. रांगा कमी असतील तर प्रत्येक सेलवर ताण जास्त, सॅग जास्त, आणि चढावर बोर्ड मान टाकतो.

हिशेब करून पाहू. माणूस, बोर्ड, हेल्मेट, सॅक मिळून १०० किलो. समोर १२ टक्के चढ, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १२ मीटर वर, सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या उतारासारखा. ताशी २० किलोमीटरने चढायला नुसत्या उंचीसाठी सुमारे ६५० वॉट लागतात. मातीचं घर्षण आणि वारा यांचे आणखी दोनशेच्या वर. मोटर, बेल्ट आणि कंट्रोलर मिळून साधारण पाव हिस्सा उष्णतेत घालवतात. बॅटरीतून निघतात जवळजवळ १,२०० वॉट, म्हणजे २७ अँपिअरच्या आसपास. जो सेल सलग १० अँपिअर देऊ शकतो त्याच्या दोन रांगांतून २० अँपिअर मिळतील, ते कमी पडतात. चार रांगांतून ४०, ते पुरतात.

म्हणून सेलचं नाव आणि मॉडेल विचारणं रास्त आहे. सॅमसंगचा ५०ई हा सेल ५ अँपिअर-अवरचा आहे, पण सलग १० अँपिअरच्या आतच देतो. त्यांचाच ४०टी हा ४ अँपिअर-अवरचा असून ३५ अँपिअरपर्यंत देतो. पहिला लांब पल्ल्याचा, दुसरा चढाचा. तुमच्या भागात चढ किती आहेत ते पाहून ठरवायचं.

मग ४० किलोमीटरचा दावा खोटा असतो का?

सरळ खोटा नसतो. हलका माणूस, गुळगुळीत सपाट रस्ता, मंद वेग आणि बॅटरी अगदी तळापर्यंत रिकामी केली तर तो आकडा येतो. मुरमावर, हवेच्या चाकांवर, मध्यम वेगाने दर किलोमीटरला २० ते ३० वॉट-अवर जातात असं धरून चाला. बॅटरीचे ८० टक्केच वापरायचे. ६०५ वॉट-अवरचे ८० टक्के ४८४, भागिले २५, म्हणजे १९ किलोमीटर. ४३२ वॉट-अवरच्या बॅटरीवर १४ किलोमीटरच्या आत. ओल्या गवतावर याहून कमी.

माझ्या मते ऑल-टेरेन बोर्डात ५०० वॉट-अवरच्या खाली जाऊ नये. तिथे वाचवलेले पैसे पहिल्याच लांब फेरीत बोर्ड हातात धरून परत येताना वसूल होतात, आणि असा बोर्ड सहज १२ ते १८ किलोचा असतो.

मोटर: वॉटचा आकडा सोडा, दात मोजा

पानावरचे ३,००० वॉट हे क्षणिक कमाल असतात, दोन्ही मोटरचे मिळून. बॅटरी तेवढे देऊ शकत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. पाहायचं ते मोटरची ताकद चाकापर्यंत कशी पोचते.

स्वस्तात दोन प्रकार मिळतात. हब मोटर चाकाच्या आतच असते: आवाज कमी, देखभाल जवळपास नाही, पण मोटरचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. सायकल कायम वरच्या गिअरमध्ये अडकल्यासारखं. दुसरा प्रकार बेल्टचा. मोटरवर छोटी दातेरी पुली, चाकावर मोठी, मध्ये रबरी दातेरी पट्टा. छोटीला १५ दात आणि मोठीला ६६ असतील तर मोटर ४.४ फेरे मारते तेव्हा चाक एक फेरा घेतं. वेग कमी होतो आणि रेटा तेवढाच वाढतो. चढ, माती आणि मोठं चाक यांच्यासाठी हेच हवं. गिअरपेटीचाही एक बंद प्रकार येतो, खडे-मातीला तो उत्तम, पण सहसा बजेटबाहेर जातो.

बेल्टची दुखणी ठरलेली आहेत. पट्टा आणि पुलीच्या मध्ये खडा शिरला की पट्टा फाटतो किंवा दात उडतात, म्हणून पुलीवर झाकण असलेला बोर्ड निवडावा. आपली काळी माती ओली असताना पुलीच्या दातांत घट्ट बसते, मग पट्टा वर उचलला जाऊन निसटतो. तिच्यावर ओलसर असताना जाऊच नये. कोकण-गोव्याच्या जांभ्याची लाल धूळ तेवढी चिकटत नाही, पण बेअरिंगमध्ये जाऊन खरखर सुरू करते. पट्ट्याचा ताण तपासायचा तर मधोमध बोटाने दाबा. तीन ते पाच मिलिमीटर दबला तर ठीक. ढिला पट्टा जोरात ब्रेक लावताना दातांवरून घसरतो, आणि नेमकं तेव्हाच ते व्हायला नको असतं.

ब्रेक नाहीत, मग थांबतो कसा?

या बोर्डांना सहसा ब्रेकचे पॅड नसतात. रिमोट मागे ओढला की मोटरच जनित्र होते, चाकाचा वेग खाते आणि वीज बॅटरीत परत ढकलते. यातून तीन गोष्टी निघतात, आणि त्या विकत घेण्याआधी कळायला हव्यात.

पहिली: बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेल्या विजेला जागा नसते. भरलेल्या टाकीवर पंप चालू ठेवला तर पाणी वाहून जातं. इथे मात्र वाहून जायला वाट नाही, म्हणून कंट्रोलर ब्रेक कमी करतो, काही कंट्रोलर तर पूर्ण सोडून देतात. १०० किलो वजन १०० मीटर उंचीवरून खाली आलं तर २७ वॉट-अवर ऊर्जा मोकळी होते. घर टेकडीवर असेल आणि सकाळची सुरुवातच उतारावरून असेल, तर ८५-९० टक्क्यांवरच चार्जर काढावा.

दुसरी: पट्टा तुटला की त्या चाकाचा ब्रेक गेला. म्हणून एकच मोटर असलेला ऑल-टेरेन बोर्ड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

तिसरी: रिमोटची बॅटरी संपली किंवा संपर्क तुटला तर बोर्ड नुसता घरंगळत राहतो. रिमोट प्रत्येक वेळी बोर्डाबरोबरच चार्ज करायचा. संपर्क तुटल्यावर काय होतं हे विक्रेत्याला लेखी विचारून ठेवा. आणि कंट्रोलर झटके न देता हळुवार ब्रेक लावतो का, याबद्दल वापरणाऱ्यांचे व्हिडिओ पाहा. स्वस्त आणि महाग बोर्डातला सर्वांत मोठा फरक पायाखाली जाणवतो तो इथेच.

डेक आणि ट्रक

बांबू आणि फायबरग्लासचा थोडा लवचिक डेक धक्के खातो. मात्र लवचिक डेकखाली एकच लांब ताठ बॅटरीपेटी असेल तर प्रत्येक खड्ड्यात तिच्यावर ताण येतो, आणि सेल जोडणाऱ्या पट्ट्या कालांतराने सुटू शकतात. पेटी दोन भागांत असावी किंवा डेक ताठ असावा. कार्बन फायबरसाठी जादा पैसे देण्याची गरज नाही.

ट्रकमध्ये दोन पिनांचा प्रकार, म्हणजे डबल किंगपिन, छान झटपट वळतो. पण त्याचे रबरी बुश, म्हणजे पिनांवरच्या दबणाऱ्या चकत्या, मऊ असतील तर ताशी ३० च्या पुढे थरथरू लागतो. कडक बुशचा संच स्वस्तात मिळतो आणि ७५ किलोच्या वरच्या माणसाने तो लगेच बसवावा.

साध्या बोर्डालाच मोठी चाकं लावली तर?

हा प्रश्न येणारच, कारण साधा बोर्ड बराच स्वस्त पडतो. समजा त्याला ९० मिलिमीटरची चाकं आणि २.४ चं दात-प्रमाण आहे. तिथे १७५ ची चाकं बसवली की जमिनीवरचा रेटा जवळपास निम्मा होतो. ब्रेकचाही. तोच चढ चढायला मोटरला दुप्पट करंट लागतो, आणि तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे चौपट. मोटर किंवा कंट्रोलर तापून बंद पडतो. शिवाय वळताना मोठं चाक डेकला घासून एकदम थांबतं. चाकांबरोबर मोठी पुली, लांब पट्टा आणि उंच ट्रक असं सगळं मिळून देणारा त्याच कंपनीचा संच असेल तरच हा बदल करावा.

खराब डांबर एवढीच अडचण असेल तर १०५ किंवा १२० मिलिमीटरची, आत मऊ फोम असलेली चाकं पुरतात. पंक्चर नाही, पल्लाही फार घटत नाही. मातीत मात्र ती निरुपयोगी.

पावसाळ्यात चालेल ना?

पानावर «आयपी५४» किंवा «आयपी५५» असतं, तो धूळ आणि पाणी किती अडतं याचा दर्जा. दुसरा अंक पाण्याचा: ४ म्हणजे उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे हलका फवारा. साचलेल्या पाण्यातून जाणं यात येत नाही, आणि पाण्याने झालेला बिघाड अनेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. जून ते सप्टेंबर बोर्ड घरात ठेवायचा, बॅटरी ५०-६० टक्क्यांवर. चुकून भिजलाच तर कोरडा पुसून, चाकं काढून बेअरिंग सुकवायची, आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावायचा नाही.

रस्त्यावर नेता येईल का? विमानातून आणता येईल का?

भारतात केंद्रीय मोटर वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विजेवरची वाहनं, इतर अटी पाळल्या तर, मोटर वाहन धरली जात नाहीत. ऑल-टेरेन बोर्ड दोन्ही मर्यादा कितीतरी ओलांडतो, आणि त्याची नोंदणी करायची सोयही नाही. म्हणून तो खासगी जागेसाठीच आहे: शेत, फार्महाउस, परवानगी असलेलं मैदान. रोज कामावर जायचं असेल तर त्याच पैशांत थोडी भर घालून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी, हे प्रामाणिक उत्तर आहे.

परदेशातल्या मराठी वाचकांनी आपापल्या ठिकाणचे नियम पाहावेत, ते फार वेगवेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १,००० वॉटपेक्षा कमी आणि ताशी ३२ किलोमीटरपर्यंतचे बोर्ड, किमान १६ वर्षांच्या हेल्मेटधारी व्यक्तीला चालतात. जर्मनीत दांडा नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशी वाहनं विकायला विजेच्या सुरक्षेचं «यूएल २२७२» प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र असलेला बोर्ड मिळत असेल तर कुठेही तोच पसंत करावा, कारण घरात चार्ज करायची ही मोठी लिथियम बॅटरी आहे.

«सुट्टीत येताना बॅगेत घेऊन ये» हे मात्र होणार नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरवरची लिथियम बॅटरी नेताच येत नाही, ना हातातल्या सामानात, ना खालच्या.

किती पैसे लागतील?

थेट वेबसाइटवरून विकणाऱ्या मीपो, वॉवगो, बॅकफायर, एक्सवे अशा चिनी कंपन्यांमुळे हे बोर्ड आवाक्यात आले. परवडणारा ऑल-टेरेन साधारण ७०० ते १,१०० डॉलरच्या पट्ट्यात मिळतो. भारतात मागवताना त्यावर सीमाशुल्क, जीएसटी आणि मोठ्या बॅटरीचं महागडं वाहतूक भाडं चढतं. तीनही आकडे विक्रेता आणि कुरिअर दोघांकडून आधी लेखी घ्या. कित्येक कुरिअर एवढी बॅटरी घेतच नाहीत.

दिवे, रिमोटचा रंगीत पडदा, ताशी ५० चा वेग, चार मोटर यांवर पैसे वाचवा. वाचलेल्या पैशांतून दोन जादा पट्टे, चार ट्यूब आणि बेअरिंगचा एक संच पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या. पट्ट्यावर दातांमधलं अंतर, लांबी आणि रुंदी छापलेली असते, त्याचा फोटो काढून ठेवा. कॅलिफोर्नियातली बूस्टेड ही नावाजलेली कंपनी २०२० मध्ये बंद पडली आणि तिच्या बोर्डांच्या दुरुस्तीचा प्रश्न मालकांपुढे उभा राहिला. सर्वसाधारण मापाचे पट्टे, बेअरिंग आणि टायर वापरणारा बोर्ड कंपनी गेल्यावरही चालू राहतो.

हेल्मेटचा खर्च वेगळा धरा, तो बोर्डाच्या बजेटमधून कापू नका. ताशी ३० च्या वर हनुवटी झाकणारं हेल्मेट हवं, सोबत मनगटाचे आणि गुडघ्याचे गार्ड. पडताना माणूस आधी हात टेकतो, मनगट तिथेच मोडतं.

खोकं आल्यावर

पहिल्या दिवशी चालवायचं नाही. ट्रक, मोटर आणि पुलीचा प्रत्येक बोल्ट एकेक करून तपासा. धातूत धातू बसतो तिथे बोल्ट काढून निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे घट्ट धरणारा गोंद, लावा, नाहीतर थरथरीने बोल्ट हमखास सैल होतात. नायलॉनच्या नटांना हा गोंद लावू नका. प्रत्येक चाक बोटाने फिरवून खरखर ऐका. टायरची हवा मोजा. चार्जरवरचे व्होल्ट वाचा: «१२एस» ला ५०.४, «१०एस» ला ४२. दुसरा चार्जर पिन बसते म्हणून कधीच लावायचा नाही. दोन अँपिअरच्या चार्जरला १४ अँपिअर-अवर भरायला सात तासांहून जास्त लागतात, म्हणून दिवसा, माणूस घरात असताना, दारापासून दूर आणि फरशीवर ठेवून चार्ज करा. रात्रभर लावून झोपू नका.

नंतर मोकळ्या मैदानात सर्वांत कमी वेगाच्या मोडवर दहा वेळा फक्त ब्रेक. दहा किलोमीटर झाले की सगळे बोल्ट आणि पट्ट्यांचा ताण पुन्हा एकदा. नवा पट्टा पहिल्या फेऱ्यांत थोडा ताणतो, आणि ढिला झालेला पट्टा आधी उतारावरच कळतो.